योनीमुखाच्या तुकड्याचा रिपोर्ट हातात आला की पी१६ आणि पी५३ कसे वाचायचे

रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं म्हणून हातपाय गाळू नका आणि ‘निगेटिव्ह’ दिसलं म्हणून पेढेही वाटू नका. योनीमुखाच्या कर्करोगात आणि त्याच्या आधीच्या बदलांत हे दोन शब्द करोनाच्या किंवा काविळीच्या रिपोर्टसारखे चालत नाहीत. मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट आहे. सांगली, जत, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडून अथणी, चिकोडी अशा सगळ्या बाजूंनी आमच्याकडे तपासणीसाठी काढलेले तुकडे, म्हणजे बायॉप्सी, येतात आणि रिपोर्ट न्यायला बहुतेक वेळा मुलगा, नवरा नाहीतर सून येते. खिडकीवर उभं राहूनच कागद उघडतात, शेवटच्या ओळीत पी१६ निगेटिव्ह वाचतात आणि चेहरा खुलतो. त्यांना थांबवून आत बोलवावं लागतं. हे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी. मधला थोडा भाग तुकडा पाठवणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आहे.

आधी मार्करकडे बघूच नका. (मार्कर म्हणजे पी१६, पी५३ अशी पेशीतली प्रथिनं स्लाइडवर रंगवून बघायच्या तपासण्या.) ‘अंतिम निदान’ ही ओळ शोधा. तिथे साधारण चारांपैकी एक नाव असतं. लायकेन स्क्लेरोसस असेल तर तो कर्करोग नाही, कर्करोगाची पूर्वावस्थाही नाही. कातडी पांढरी, पातळ, चिवट होणं आणि जीव नकोसा करणारी खाज, असा तो जुनाट आजार आहे. एचएसआयएल आणि डीव्हीआयएन या दोन पूर्वावस्था आहेत, म्हणजे पेशी बिघडल्या आहेत पण वरच्या थरातच आहेत, खाली शिरलेल्या नाहीत. चौथं नाव स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे खाली शिरलेला कर्करोग. मेलॅनोमा आणि पॅजेटचा आजार इथेही होतात, पण त्यांचे मार्कर वेगळे आणि वाटही वेगळी. ते इथे घेत नाही.

जुनी फाईल असेल तर पूर्वावस्थेला व्हीआयएन १, २, ३ असंही लिहिलेलं सापडेल. ती नावं १९८६ची. २००४ मध्ये ती बदलली, २०१५ मध्ये पुन्हा बदलली. त्यामुळे आईच्या जुन्या रिपोर्टवर एक आणि नव्यावर दुसरं नाव दिसलं तर कोणाचं तरी चुकलं असं लगेच धरून चालू नका, आधी तारखा बघा.

आता एचएसआयएल आणि डीव्हीआयएन या दोघांतला फरक. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे, म्हणून इथे जरा वेळ द्या.

योनीमुखाचा कर्करोग दोन वाटांनी येतो. पहिली वाट एचपीव्ही विषाणूची, त्यातही मुख्यतः १६ क्रमांकाच्या प्रकाराची. ही वाट तुलनेने तरुण बायकांत दिसते. धूम्रपान करणाऱ्या, एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या बायकांत जास्त. या वाटेवरची पूर्वावस्था म्हणजे एचएसआयएल. दुसऱ्या वाटेवर विषाणू नाहीच. तिथे वर्षानुवर्षं धुमसणारा लायकेन स्क्लेरोसस असतो, वय साठीच्या पुढचं असतं, पेशीतलं टीपी५३ हे राखणदार जनुक बिघडतं आणि पूर्वावस्था असते डीव्हीआयएन. ३९ देशांतल्या नमुन्यांवरचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात पूर्वावस्थांपैकी सुमारे ८७ टक्क्यांत एचपीव्ही सापडला, पण शिरलेल्या कर्करोगांपैकी फक्त सुमारे २९ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधली दरी का? माझ्या मते दोन कारणं. डीव्हीआयएन कर्करोग होण्याआधी फार कमी वेळा पकडला जातो, आणि एकदा आला की तो कर्करोगाकडे झपाट्याने जातो.

२०२०च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने या दोन वाटा अधिकृतपणे वेगळ्या केल्या: एचपीव्ही-संबंधित आणि एचपीव्ही-विरहित. नुसत्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरून ही विभागणी खात्रीने होत नाही, दोन्ही वाटांचे कर्करोग एकमेकांसारखे दिसू शकतात. म्हणून मार्कर लावायचे.

पी१६

पी१६ हे पेशीतलंच एक प्रथिन आहे. एचपीव्हीचं ई७ नावाचं प्रथिन पेशीचा ब्रेक, म्हणजे आरबी, निकामी करतं. ब्रेक लागत नाही हे पाहून पेशी पी१६ भरमसाट बनवू लागते. आपण तेच रंगवतो. थोडक्यात, पी१६ ही विषाणूची थेट तपासणी नाही, विषाणू कामाला लागल्याची खूण आहे.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको, ‘ब्लॉक पॉझिटिव्ह’ हे शब्द हवेत. तळाच्या थरातल्या पेशी सलग, गडद तपकिरी, मध्ये खंड नाही आणि तो रंग वर किमान एक तृतीयांश जाडीपर्यंत चढलेला, असं असेल तरच ब्लॉक. इकडे चार पेशी, तिकडे सहा, मध्ये कोऱ्या, अशी ठिपक्याठिपक्यांची रंगत निगेटिव्हच धरायची. ‘पी१६ फोकल पॉझिटिव्ह’ एवढंच लिहून सोडलेले रिपोर्ट मी अजून बघते आणि मला त्यांचा राग येतो. वाचणाऱ्या डॉक्टरने त्यातून काय समजायचं? तुमच्या रिपोर्टवर तसं असेल तर लॅबला सरळ विचारा: ब्लॉक आहे की नाही?

आता मुख्य मुद्दा. कर्करोग आहे हे एकदा ठरल्यावर पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह असणं ही दोन वाटांपैकी बरी बातमी. अशा गाठी उपचारानंतर कमी उलटतात, जगण्याचं प्रमाण चांगलं राहतं आणि किरणोपचारालाही त्या जास्त दाद देतात असं आजवरच्या नोंदींतून दिसतं. पी१६ निगेटिव्ह म्हणजे विषाणूची वाट नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग पुढची ओळ वाचावीच लागते.

पी५३

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, डॉक्टरांचासुद्धा. पी५३ हे वर सांगितलेल्या टीपी५३ जनुकाचं प्रथिन. त्याला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ही भाषाच लागू नाही. रिपोर्टवर दोनपैकी एक शब्द हवा: ‘वाइल्ड टाइप’, म्हणजे जनुक शाबूत असल्याचा नमुना, किंवा ‘म्युटंट’, म्हणजे बिघडल्याचा नमुना. म्युटंट अनेक रूपांत येतं. कधी तळाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीचं केंद्रक गडद होतं आणि तो रंग वरच्या थरांतही चढतो. कधी रंग केंद्रकाऐवजी पेशीद्रवात बसतो. आणि कधी रंग अजिबातच येत नाही.

या शेवटच्या रूपाला ‘नल’ म्हणतात आणि नवख्या डोळ्याला ते हमखास फसवतं. जत भागातल्या एका आजींची स्लाइड सांगते. वय सत्तरीच्या घरात, पांढरी पडलेली कातडी कित्येक वर्षांची, गावात कोड समजून लेप लावलेले. तुकडा आला चार मिलिमीटरच्या पंचचा, म्हणजे गोल पात्याने काढलेला. साध्या स्लाइडवर थर फार बिघडलेला वाटत नव्हता. तळातली केंद्रकं थोडी मोठी, खाली उतरणारे कंगोरे लांब आणि अणकुचीदार, आणि पेशी जरा लवकरच लालसर गुलाबी झालेल्या. डीव्हीआयएन असाच असतो, साळसूद. पी१६ कोरा. मग पी५३ची स्लाइड ठेवली तर वरचा सगळा थर निव्वळ निळा, एकही तपकिरी ठिपका नाही. खिडकीवरची सून म्हणाली असती, निगेटिव्ह आलं. पण त्याच स्लाइडवर थराच्या खाली, तंतुपेशींत आणि लिम्फोसाइटमध्ये, फिकट तपकिरी केंद्रकं विखुरलेली होती. म्हणजे रसायनाने काम केलं होतं. शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या आणि फक्त वरचा थर कोरा राहिला, कारण तिथे पी५३ बनतच नव्हतं. हा म्युटंट. खालच्या पेशीही कोऱ्या असत्या तर तपासणीच फसली असं म्हणून ती पुन्हा लावावी लागली असती. म्हणून ‘पी५३ निगेटिव्ह’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट अर्धवट समजा आणि विचारा: नल आहे का? इंटर्नल कंट्रोल, म्हणजे शेजारच्या निरोगी पेशी, रंगला होता का?

उलट फसगतही होते. एचपीव्हीच्या वाटेवर थराच्या मध्यावर पी५३ बऱ्यापैकी दिसतं आणि सगळ्यात खालची रांग मात्र कोरी राहते. घाईत बघणारा त्याला म्युटंट म्हणून मोकळा होतो. ती कोरी रांग दिसली की पी१६ बघायचं, ते सहसा ब्लॉक निघतं. आणखी एक: नुसत्या लायकेन स्क्लेरोससमध्येही तळाशी पी५३ वाढलेलं दिसू शकतं, कारण सुजलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या कातडीवर ताण असतो. म्हणून केवळ पी५३वर डीव्हीआयएन ठरत नाही. साध्या स्लाइडवर पेशींचा बिघाड दिसायला हवा. मार्कर साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

दोन्ही मार्कर एकत्र वाचले की तीन गट पडतात. पी१६ ब्लॉक असेल तर एचपीव्हीची वाट, तुलनेने सर्वांत बरी. पी१६ नाही आणि पी५३ म्युटंट, ती सर्वांत अवघड: गाठ पुन्हा त्याच भागात उगवण्याची शक्यता जास्त आणि जगण्याचं प्रमाण कमी. पी१६ नाही पण पी५३ वाइल्ड टाइप, हा मधला गट. याच्या पूर्वावस्था चामखिळीसारख्या जाड, ओबडधोबड वाढलेल्या दिसतात आणि वर्षानुवर्षं ‘साधी जाड कातडी’ म्हणून सुटतात. क्वचित पी१६ ब्लॉक आणि पी५३ म्युटंट असे दोन्ही एकत्र येतात. तेव्हा एचपीव्हीची थेट तपासणी, इन सिटू हायब्रिडायझेशन, करून घ्यावी. ती सगळीकडे होत नाही, तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मोठ्या केंद्रात पाठवावा लागतो.

केआय-६७ या आणखी एका मार्करवर फार वेळ घालवू नका. पेशी किती वेगाने विभागतात ते तो सांगतो. एचएसआयएलमध्ये तो थराच्या वरपर्यंत जातो, डीव्हीआयएनमध्ये बहुधा तळाशीच थांबतो. निदानाला हातभार लागतो, पण त्याच्या टक्केवारीवरून आईचं पुढे काय होणार हे कोणी सांगत असेल तर ते कानाआड करा. पीडी-एल१ हा मार्कर वेगळा विषय. आजार पसरला किंवा उलटला आणि इम्युनोथेरपीचा विचार असेल तेव्हा तो लावतात, पहिल्याच तुकड्यावर सरसकट नाही.

पूर्वावस्थेचाच रिपोर्ट असेल तर हे दोन आकडे लक्षात ठेवा. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय नोंदीवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात दहा वर्षांत कर्करोग होण्याचा धोका एचएसआयएलमध्ये सुमारे १० टक्के होता आणि डीव्हीआयएनमध्ये ५०. पाचपट फरक आहे. म्हणून रिपोर्टवर डीव्हीआयएन असेल तर ‘मलम लावून बघू, सहा महिन्यांनी या’ हे ऐकून घेऊ नका, त्याला शस्त्रक्रियाच लागते. एचएसआयएलला मात्र शिरलेला कर्करोग नाही याची खात्री झाल्यावर इमिक्विमॉड मलमाचा पर्याय खरोखर आहे. २०२२ मध्ये आलेल्या चाचणीत ते शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड ठरलं. दोन्ही पूर्वावस्थाच, कागदावर शेजारी शेजारी, पण वागणूक इतकी वेगळी.

आता कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये मार्करपेक्षा वजनदार काय असतं ते सांगते, कारण लोक पी५३ म्युटंट वाचून रडत बसतात आणि वरच्या ओळी वाचतच नाहीत. सगळ्यात मोठी गोष्ट जांघेतल्या लसिका गाठी. त्या स्वच्छ असतील तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्या बायका ढोबळमानाने दहात आठ-नऊ. त्यांत कर्करोग पोचला असेल तर प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. पाच मिलिमीटरपेक्षा मोठा साठा आहे का, गाठीचं आवरण फोडून बाहेर आला आहे का, यांवर फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२१च्या स्टेजिंगमधले तिसऱ्या टप्प्याचे उपप्रकार ठरतात. जांघेत अवधाण आलं की आपल्याकडे पायाला काही लागलं असेल म्हणून सोडून देतात. खाली खाज, जखम किंवा गाठ असताना तसं करू नका.

दुसरी गोष्ट खोली. कर्करोगाची मूळ गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि शिरकाव एक मिलिमीटरपर्यंत असेल तर टप्पा १ए. त्यात जांघेच्या गाठी काढायची गरज सहसा पडत नाही, कारण तिथवर पोचण्याचा धोका अगदी थोडा. खोली कुठून मोजायची हे फिगोने २०२१ मध्ये बदललं. नव्या पद्धतीत शेजारच्या बिघडलेल्या पण न शिरलेल्या सर्वांत खोल कंगोऱ्याच्या तळापासून मोजतात, त्यामुळे आकडा बहुधा कमी भरतो. आकडा एक मिलिमीटरच्या काठावर असेल तर कोणत्या पद्धतीने मोजला ते जरूर विचारा. जांघ उघडायची की नाही हे त्यावर ठरू शकतं, आणि ती उघडल्यावर पायाला येणारी सूज आयुष्यभर सोबत राहू शकते. मूळ गाठ एकच आणि चार सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, हाताला जांघेत काही लागत नसेल, तर फक्त सेंटिनल गाठ, म्हणजे कर्करोग सर्वांत आधी जिथे पोचतो ती लसिका गाठ, काढून तपासण्याचा मार्ग असतो. ती सोय असलेल्या केंद्रातच जा.

तिसरी गोष्ट कडा, म्हणजे मार्जिन. पूर्वी आठ मिलिमीटर हा आकडा सगळे घोकायचे. आता तो तितका पक्का राहिलेला नाही. कडेला डीव्हीआयएन उरला आहे का, हे मला मिलिमीटरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. रिपोर्टमध्ये कडेच्या कातडीबद्दल अवाक्षर नसेल तर विचारा.

आणि हेही स्पष्ट असू दे: आज तरी मार्करवरून मूळ उपचार बदलत नाहीत. पी१६ पॉझिटिव्ह आहे म्हणून शस्त्रक्रिया आटोपती घ्यायची, असं कुठल्याही मार्गदर्शिकेत नाही. मार्करचा खरा उपयोग नजर किती कडक ठेवायची हे ठरवायला.

आता तुकडा पाठवणाऱ्यांसाठी. जखमेच्या मधोमध पंच मारू नका, तिथे मेलेल्या पेशी आणि पू मिळतो. जखमेची कड आणि लगतची कातडी एकत्र घ्या. लायकेन स्क्लेरोससच्या पांढऱ्या पट्ट्यात जो भाग जाड, खरखरीत किंवा क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड मलम नीट लावूनही न हटणारा असेल तो निवडा. वरवर तासलेला पातळ पापुद्रा पाठवलात तर खोली मोजता येत नाही, मग ‘शिरकाव सांगता येत नाही’ असं लिहिलं की फोन करून रागावू नका. तुकडा सलाईनमध्ये नाही, दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव. सहा तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त मुरला की मार्करचा भरवसा कमी होतो, म्हणून शनिवारी काढलेला तुकडा मंगळवारी कुरिअरला देऊ नका. दोन जागांचे तुकडे दोन डब्यांत, आणि फॉर्मवर हाताने काढलेलं छोटं चित्र. वय, लायकेनचा इतिहास, स्टेरॉइड चालू आहे का, आधी गर्भाशयमुखाचा काही त्रास, एवढ्या चार ओळी मला मार्करच्या निम्म्या किमतीच्या वाटतात. ‘व्हल्वा बायॉप्सी, के/सी/ओ खाज’ एवढ्यावर निदान मागणारे फॉर्म रोज येतात.

घरच्यांनी करायचं एक काम: दुसरं मत घ्यायला निघताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या. ते तुमचेच आहेत, लेखी अर्ज आणि सही केली की मिळतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही आधी ब्लॉक-स्लाइडच मागतील. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवली की वितळते. पर्समध्ये, रुमालात गुंडाळून न्या. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होणार असेल तर रिपोर्टवरचं नाव आधार आणि रेशनकार्डावरच्या नावाशी जुळतंय ना, ते खिडकीवरच बघा. ‘कमल’ आणि ‘कमळाबाई’ यांत आठवडे जातात.

शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग जरा लांबवून, पण तपासणी आयुष्यभर. पाच वर्षं झाली, सुटलो, हे या आजारात चालत नाही. स्थानिक पुनरागमन दहा वर्षांनंतरही होत राहतं, विशेषतः मागे लायकेन स्क्लेरोसस असेल तर. म्हणून लायकेन स्क्लेरोसस असलेल्या पी१६ निगेटिव्ह बाईला क्लोबेटासॉल सोडू देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या लायकेन स्क्लेरोसस असलेल्या ५०७ बायकांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. मलम नियमित लावणाऱ्यांत एकीलाही कर्करोग झाला नाही, धरसोड करणाऱ्यांत ४.७ टक्क्यांना झाला. ‘स्टेरॉइडने कातडी पातळ होते’ म्हणून घाबरवणारे शेजारी पुष्कळ भेटतील, तेव्हा हे आकडे पुढे करा. पी१६ पॉझिटिव्ह असेल तर त्याच भेटीत गर्भाशयमुखाची आणि गुदद्वाराजवळची तपासणी करून घ्या, विषाणू एकाच जागी थांबत नाही. आणि घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या एचपीव्ही लसीची चौकशी बालरोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात करा. पुण्यात बनलेली सर्व्हाव्हॅक लस जानेवारी २०२३ पासून आली आहे, तिच्यात १६ आणि १८ हे दोन्ही प्रकार आहेत.